प्रोटॉनच्या फिरकीचा हिशेब अजून लागलेला नाही

डॉक्टरांनी कंबरेचा किंवा डोक्याचा एमआरआय सांगितला, की जालन्यातला रुग्ण आधी खर्चाचा विचार करतो आणि मग 'रेडिएशन'चा. खर्चाची काळजी रास्त आहे. रेडिएशनची मात्र करू नये, कारण एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. त्या बोगद्यासारख्या यंत्रात एक जबरदस्त चुंबक असतो आणि तो आपल्या शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना, म्हणजे प्रोटॉनांना, कामाला लावतो. प्रत्येक प्रोटॉन जणू स्वतःभोवती फिरत असतो आणि म्हणून अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. या फिरकीला भौतिकशास्त्रात 'स्पिन' म्हणतात. साऱ्या तपासणीचा आधार ही फिरकी आहे.

ती किती, हे १९२७ पासून ठाऊक आहे. ती येते कुठून, याचे पूर्ण उत्तर मात्र आजही हाती नाही. हे उत्तर शोधणाऱ्या यंत्रांपैकी सर्वांत महत्त्वाचे एक, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतला 'रिक' हा कोलायडर, पंचवीस वर्षे चालून फेब्रुवारी २०२६ मध्ये कायमचा थांबला. त्याच्याच ३.८ किलोमीटर घेराच्या बोगद्यात आता 'इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर' उभा राहणार आहे. अंदाजे खर्च १.७ ते २.८ अब्ज डॉलर, म्हणजे आपल्याकडचे साधारण १५ ते २५ हजार कोटी रुपये. प्रोटॉनच्या पोटात काय चालते ते पाहण्यासाठी एवढा पैसा का, हा प्रश्न कोणालाही पडेल. तो पडायलाही हवा. पण त्याचे उत्तर देताना 'यातून उद्या चांगला एमआरआय मिळेल' असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी यंत्राकडे आणि मग प्रोटॉनकडे पाहू.

रुग्णालयात सहसा दीड टेस्लाचे यंत्र असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून ते प्रबळ. भोवरा मंदावताना जसा मान टाकून गोल डोलतो, तसे या क्षेत्रात प्रोटॉन डोलतात, सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा. ही कंप्रता एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली येते, म्हणून बाहेरचे रेडिओतरंग आत शिरू नयेत यासाठी त्या खोलीला तांब्याचे अस्तर असते. नेमक्या त्याच कंप्रतेचा रेडिओतरंग सोडला की प्रोटॉन तो शोषतात, तरंग थांबला की पुन्हा जागेवर येतात आणि येताना क्षीण संदेश देतात. पाण्यातले, चरबीतले, सूज आलेल्या भागातले प्रोटॉन वेगवेगळ्या गतीने जागेवर येतात. त्या फरकाचे चित्र म्हणजे आपल्या हातात पडणारी फिल्म. नवल असे, की चुंबकाच्या बाजूने आणि विरुद्ध बाजूने उभे राहिलेले प्रोटॉन जवळपास सारखेच असतात. दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा फरक. त्या पाचांवर निदान होते. शरीरात हायड्रोजनचे अणू अफाट असतात म्हणूनच हे जमते.

जालना हे सळ्यांचे गाव असल्याने इथे एक गोष्ट सांगून टाकतो. रोलिंग मिलमध्ये, ग्राइंडिंगवर किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल आणि तो पूर्ण निघाल्याची खात्री नसेल, तर एमआरआयच्या आधी तंत्रज्ञाला ते सांगायलाच हवे. चुंबकामुळे तो कण डोळ्यात हलू शकतो, दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढून खात्री करतात. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, शरीरात राहिलेला छर्रा, हेही लपवू नये. 'वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे' म्हणून सोडून देण्यासारखे यात काही नाही.

आता प्रोटॉनकडे. डेव्हिड डेनिसन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये हायड्रोजन वायूच्या उष्णतेच्या मोजमापांवरून दाखवून दिले, की प्रोटॉनचा स्पिन इलेक्ट्रॉनइतकाच, म्हणजे 'अर्धा' असतो. निसर्गातल्या फिरकीचे जे मूळ माप आहे, त्याच्या अर्धा. कमी नाही, जास्त नाही. तुमच्या रक्तातल्या प्रोटॉनचा आणि सूर्यातल्या प्रोटॉनचा सारखाच. सहा वर्षांनी, १९३३ मध्ये, हॅम्बुर्गला ऑटो स्टर्न यांनी प्रोटॉनचे चुंबकत्व मोजायला घेतले. मोजण्यासारखे त्यात काही नाही, उत्तर ठरलेलेच आहे, असे बड्या सिद्धांतकारांचे मत होते. अपेक्षित उत्तर होते १. आले अडीचच्या आसपास. आजचे अचूक मूल्य २.७९. साधा, एकसंध कण असता तर असे झाले नसते. प्रोटॉनच्या आत काहीतरी आहे, याची ही पहिली कुणकुण. त्याच वर्षी नाझी राजवटीमुळे स्टर्न यांना जर्मनी सोडावी लागली, तो भाग वेगळा.

आत काय आहे हे १९६४ नंतर हळूहळू उलगडले. तीन क्वार्क, आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. प्रत्येक क्वार्कचा स्पिन अर्धा. दोन एका बाजूला, एक विरुद्ध बाजूला, वजाबाकी केली की उरतो अर्धा. हिशेब इतका नेटका बसला, आणि याच चित्रातून प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या चुंबकत्वाचे गुणोत्तरही इतके बरोबर निघाले, की वीस वर्षे कोणाला शंका आली नाही.

मग १९८७ मध्ये 'सर्न'च्या प्रयोगशाळेत 'युरोपीय म्युऑन सहयोग' या गटाने अमोनियातल्या एकाच दिशेने वळवलेल्या प्रोटॉनांवर म्युऑनांचा मारा केला आणि क्वार्कांचे स्पिन खरोखर कोणत्या बाजूला आहेत ते तपासले. सगळ्या क्वार्कांच्या स्पिनची बेरीज प्रोटॉनच्या स्पिनच्या जेमतेम दहा-पंधरा टक्के भरली. मोजमापातली अनिश्चितता धरली तर शून्य म्हटले तरी चालले असते. पुढच्या वर्षी निकाल छापून आला तेव्हा त्याला 'स्पिनचे संकट' असे नाव पडले. नंतरच्या अधिक अचूक प्रयोगांनी हा आकडा साधारण तीस टक्क्यांवर आणला. संकट निवळले, पण सत्तर टक्के कुठे गेले हा प्रश्न उरलाच.

शाळेच्या भूगोलात पृथ्वीच्या दोन गती शिकवतात, स्वतःभोवती परिवलन आणि सूर्याभोवती परिभ्रमण. भौतिकशास्त्रातही फिरण्याचा साठा, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, या दोन खात्यांत असतो. क्वार्कचा स्पिन हे परिवलनाचे खाते. (शब्द सैलपणे वापरतो आहे, क्वार्क म्हणजे काही गोटी नव्हे.) पण क्वार्क प्रोटॉनच्या आत एका जागी बसलेले नाहीत, ते फिरतातही. तीन क्वार्कांचे मिळून वस्तुमान प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याच्या आसपास. इतके हलके कण इतक्या लहान जागेत कोंडले, की ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळतात, आणि तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. हे नियम सांगतात, की कोंडलेल्या वेगवान कणाला निव्वळ परिवलन ठेवताच येत नाही. त्याच्या फिरकीचा काही भाग आपोआप परिभ्रमणाच्या खात्यात जातो. १९७० च्या दशकात एमआयटीतल्या शास्त्रज्ञांनी क्वार्क एका पिशवीत कोंडले आहेत असे मानून गणित केले होते. त्यात क्वार्कांच्या स्पिनचा वाटा शंभर टक्के नव्हे, सुमारे ६५ टक्केच निघत होता. म्हणजे संकटाचा अर्धा इशारा संकटाच्या आधीच लिहून ठेवलेला होता.

सापेक्षतेमुळे दुसरीही एक पंचाईत होते आणि ती मला जास्त मनोरंजक वाटते. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलचे चाक पाहा. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, सर्वांत वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. पळत्या सायकलच्या फोटोत म्हणूनच खालचे आरे स्पष्ट येतात आणि वरचे पुसट. आता सापेक्षतेत वेगाबरोबर ऊर्जा वाढते आणि ऊर्जा म्हणजेच जडपणा. याचा अर्थ रस्त्यावर उभ्या माणसाच्या लेखी चाकाचा वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा किंचित जड, आणि चाकाचा मध्य आसापासून किंचित वर सरकलेला. सायकलवर बसलेल्याच्या लेखी मध्य आसातच. मध्य कुठला हेच जर दोघांचे जुळत नसेल, तर त्या मध्याभोवतीचे फिरणे किती आणि मध्याचे स्वतःचे इकडून तिकडे जाणे किती, ही विभागणीही जुळणार नाही. बेरजेचे नियम दोघांचे सारखेच, खातेफोड वेगळी. सायकलच्या बाबतीत हा फरक मोजता येणार नाही इतका क्षुल्लक आहे. प्रोटॉनच्या बाबतीत मात्र प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला हा मध्य त्याच्या त्रिज्येच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका सरकलेला दिसतो. आठवा हिस्सा म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा नव्हे.

म्हणून गेली तीन-साडेतीन दशके वाद दोन पातळ्यांवर चालला आहे. एक, प्रत्येकाचा वाटा किती. दोन, वाटा म्हणजे नेमके काय मोजायचे. १९९० मध्ये रॉबर्ट जॅफी आणि अनीश मनोहर यांनी चार हिस्से मांडले: क्वार्कांचा स्पिन, ग्लुऑनांचा स्पिन, क्वार्कांचे परिभ्रमण, ग्लुऑनांचे परिभ्रमण. १९९७ मध्ये शियांगदोंग जी यांनी तीनच मांडले. त्यांच्या हिशेबात ग्लुऑनांचा हिस्सा एकत्रच राहतो, पण क्वार्कांचे परिभ्रमण प्रयोगातून काढण्याची वाट मोकळी होते. दोन्ही पद्धतींत एकूण बेरीज तीच, अर्धा. क्वार्कांच्या परिभ्रमणाचा आकडा मात्र वेगळा.

शेतीच्या वाटणीत असेच होते. दोन भावांच्या हिश्श्यांमधला बांध कोणाच्या क्षेत्रात धरायचा, यावर प्रत्येकाचे गुंठे बदलतात. सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र बदलत नाही. इथे बांध म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन यांच्यातले ओढाताणीचे क्षेत्र. त्या क्षेत्रातला कोनीय संवेग एका पद्धतीत क्वार्कच्या नावावर चढतो, दुसऱ्या पद्धतीत ग्लुऑनच्या. मॅथियास बुर्कार्ट यांनी २०१३ मध्ये या फरकाला एक छान अर्थ दिला. क्वार्कला धक्का देऊन प्रोटॉनबाहेर काढले, तर बाहेर पडता पडता ग्लुऑनांचे क्षेत्र त्याला पीळ देते. जीचा आकडा धक्क्याच्या क्षणाचा, जॅफी-मनोहर यांचा आकडा पीळ बसून बाहेर पडल्यानंतरचा. म्हणजे कोणी चूक नाही. पण आकडा सांगताना कोणत्या पद्धतीने मोजला हे सांगितले नाही, तर तो निरर्थक.

या वादात भारतातले लोक सुरुवातीपासून आहेत. कोलकात्याच्या साहा संस्थेत ए. हरिंद्रनाथ यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोनीय संवेगाच्या याच विभागणीवर काम केले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अस्मिता मुखर्जी आणि त्यांचे विद्यार्थी क्वार्क-ग्लुऑनांच्या परिभ्रमणावर अनेक वर्षे लिहीत आहेत. प्रयोगांच्या बाजूने पाहिले तर 'रिक'वरच्या दोन मोठ्या शोधयंत्रांपैकी 'स्टार'मध्ये कोलकात्याच्या व्हीईसीसीने बांधलेला फोटॉन मोजणारा संच बसला, आणि 'फिनिक्स'मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचा सहभाग होता. 'रिक' हे जगातले एकमेव यंत्र होते जिथे दोन्ही बाजूंनी येणाऱ्या प्रोटॉनांचे स्पिन ठरवून वळवलेले असत. त्याच्याच निष्कर्षांतून २०१४ च्या सुमारास दिसले, की ग्लुऑनांच्या स्पिनचा वाटाही शून्य नाही, तो चांगला भरघोस असू शकतो. मात्र प्रोटॉनच्या संवेगाचा अगदी लहान अंश वाहणारे ग्लुऑन 'रिक'च्या टप्प्यात येत नव्हते, आणि अशा ग्लुऑनांची संख्या तर प्रचंड. तिथे काय दडले आहे ते पाहण्यासाठी इलेक्ट्रॉनचा मारा हवा. नव्या यंत्राची गरज इथून निघते.

आता पैशाचा प्रश्न. एमआरआयला प्रोटॉनच्या पोटात डोकावण्याची गरज नाही. त्याला फक्त दोन गोष्टी लागतात, स्पिन अर्धा आहे आणि चुंबकत्व २.७९ आहे. या दोन्ही १९४० च्या आधीच हाताशी होत्या. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये द्रव आणि घन पदार्थांतल्या प्रोटॉनांचा रेडिओसंदेश टिपला; पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये त्यातून चित्र काढून दाखवले; लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले २००३ मध्ये. क्वार्कांचा वाटा तीस टक्के निघो की चाळीस, जालन्यातल्या रुग्णाच्या फिल्मवर एक रेषाही बदलणार नाही. शास्त्रज्ञांनी हे मोकळेपणाने सांगावे. खोटे आश्वासन देऊन मिळवलेला पैसा पुढच्या पिढीला महागात पडतो.

फायदा मिळतो तो दुसऱ्या वाटेने, आणि त्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. एमआरआय यंत्रे आपण बहुतांशी आयात करतो, त्यामुळे यंत्राची किंमत, देखभाल आणि शेवटी तपासणीचे दरही वरच राहतात. दीड टेस्लाचे देशी यंत्र बनवण्याचा सरकारी प्रकल्प मुंबईच्या 'समीर' या संस्थेकडे आहे. ती संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेली आणि पवईला आयआयटीच्या आवारातली. त्या यंत्राच्या अतिवाहक चुंबकाचे काम दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राकडे आले, कारण अतिशीत तापमानात अतिवाहक यंत्रणा चालवण्याचा अनुभव त्यांना कणत्वरकामुळेच मिळाला होता. मार्च २०२५ मध्ये या यंत्राच्या चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी करार झाला. खासगी बाजूने बंगळुरूच्या 'व्हॉक्सेलग्रिड्स'ने २०२३ मध्ये देशी यंत्र सादर केले, आणि त्यांचे यंत्र विदर्भात चंद्रपूरच्या कॅन्सर रुग्णालयात बसले. चंद्रपूरला जे होऊ शकते, ते मराठवाड्यात का नाही, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्याजोगा आहे. जालना आणि हिंगोली, दोन्ही ठिकाणी २०२४ मध्ये प्रत्येकी शंभर जागांची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. तिथून निघणाऱ्या डॉक्टरांना तपासणीसाठी रुग्ण साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला पाठवावा लागू नये, ही माफक अपेक्षा आहे.

तेव्हा माझे मत असे, की हा विषय 'प्रोटॉन की रुग्णालय' असा मांडणे चुकीचे आहे. खरा मुद्दा आहे तो परदेशातल्या मोठ्या यंत्रांत आपण कोणत्या नात्याने सहभागी होतो. चार संशोधक पाठवून निबंधांवर नावे घालायची, की चुंबक, शोधयंत्राचे भाग, विद्युतमंडले इथे बनवून द्यायची? 'स्टार'साठी कोलकात्याने दुसरा मार्ग धरला होता. नव्या कोलायडरच्या संशोधकांच्या संघटनेत भारतीय विद्यापीठांचे गट आहेतच. यंत्राचा कोणता भाग त्यांच्याकडे येतो, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल. राज्यातल्या विद्यापीठांनी यात उतरायचे तर आताच, कारण यंत्र २०३० च्या दशकाच्या मध्यास चालू व्हायचे आहे आणि ते चालवणारी मुले आज बारावीत किंवा पदवीच्या वर्गात आहेत.

मराठवाड्यात एक दार तसे उघडलेही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती गुरुत्वीय लहरी टिपणार, म्हणजे प्रोटॉनच्या अगदी उलट टोकाच्या, अवाढव्य वस्तूंचा अभ्यास करणार. पण परिवलन आणि परिभ्रमणाचा प्रश्न तिथेही भेटतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोने टिपलेल्या पहिल्या लहरी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आल्या होत्या. त्यातून बनलेले कृष्णविवर त्याला शक्य असलेल्या कमाल फिरकीच्या ६७ टक्क्यांनी फिरत होते. ही फिरकी बहुतांशी त्या दोघांच्या स्वतःच्या फिरकीतून आलेली नव्हती. एकमेकांभोवतीच्या त्यांच्या परिभ्रमणातून ती आली होती. प्रोटॉनमध्येही परिभ्रमणाचा वाटा असाच मोठा निघतो का, हे क्वार्कांच्या बाबतीत महासंगणकांच्या गणितांनी आणि प्रयोगांनी थोडेफार दिसू लागले आहे. ग्लुऑनांचे परिभ्रमण मात्र अजून कोणत्याही प्रयोगात थेट मोजले गेलेले नाही.